द्राक्षबागेची सहल आणि कसाऱ्याचा घाट

जानेवारी लागला की शनिवारच्या सकाळी मुंबईहून नाशिककडे निघणाऱ्या मोटारींची संख्या वाढू लागते. काही कसाऱ्याचा घाट चढून येतात. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून काही बोगद्यांतून येतात. इगतपुरीच्या डोंगरकुशीतल्या वाइन कारखान्यात पहिला थांबा, गंगापूर धरणाच्या काठी दुसरा, दिंडोरीच्या पठारावर तिसरा, असा या सहलीचा क्रम असतो. प्रत्येक ठिकाणी चार-पाच पेल्यांतून घोट घोट वाइन चाखायला मिळते आणि ती कशी हुंगावी, जिभेवर कशी घोळवावी याचे पाठ दिले जातात. द्राक्षांच्या तोडणीच्या दिवसांत मोठ्या टोपात द्राक्षे ओतून ती अनवाणी पायांनी तुडवण्याचाही कार्यक्रम असतो, आणि त्याला तिकीट असते. पाहुणे हसतखेळत द्राक्षे तुडवतात, छायाचित्रे काढतात, आणि धरणाच्या पाण्यावर सूर्य कलला की पुन्हा मोटारीत बसतात.

हे दृश्य देखणे आहे, हे प्रारंभीच मान्य केले पाहिजे. सह्याद्रीची निळी रांग, ओळीने लावलेल्या वेली, माघातली कोवळी थंडी यांत मन रमणार नाही असा माणूस विरळाच. माणसाच्या आनंदावर आमचा आक्षेप नाही. दुसऱ्याचा आनंद ज्याला सलतो त्याने मठात जावे. समाजवादी पक्षात त्याचे काम नाही. आमचा आक्षेप वेगळा आहे. ही सहल गेली पंचवीस वर्षे आपल्यापुढे सहल म्हणून मांडली जात नाही. ती शेतकऱ्याचे कल्याण, ग्रामीण रोजगार आणि महाराष्ट्राची प्रगती म्हणून मांडली जाते. तिच्यासाठी कायदे वाकवले जातात, कर माफ होतात, रस्ते होतात. मूठभरांच्या चैनीचा खर्च सार्वजनिक तिजोरीतून होऊ लागला की तिचा हिशेब मागणे हा जनतेचा हक्क ठरतो. तो हिशेब मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

त्याच रस्त्यावरची दुसरी यात्रा

मार्च २०१८ मध्ये याच रस्त्यावरून दुसरी एक यात्रा निघाली होती. ६ मार्चला नाशिकहून निघालेले हजारो शेतकरी आणि आदिवासी सुमारे १८० किलोमीटर पायी चालत मुंबईला पोचले. अखिल भारतीय किसान सभेने काढलेल्या या मोर्चात सुरगाणा, पेठ, दिंडोरी, त्र्यंबकेश्वर, कळवण या तालुक्यांतली माणसे मोठ्या संख्येने होती. मोटारी जो कसाऱ्याचा घाट चढून येतात, तो ही माणसे उतरून गेली. कोणी झिजलेल्या वहाणांनी, कोणी अनवाणी. डांबराने भाजलेल्या, सोललेल्या तळव्यांची छायाचित्रे तेव्हा देशभर पाहिली गेली. ११ मार्चला ती मुंबईत पोचली. दुसऱ्या दिवशी दहावीच्या मुलांची परीक्षा होती. त्यांना अडथळा होऊ नये म्हणून दिवसभर चालून थकलेल्या या माणसांनी रात्री विश्रांती घेतली नाही. रातोरात चालून त्यांनी पहाटे आझाद मैदान गाठले.

त्यांची मागणी काय होती? २००६ च्या वनहक्क कायद्याने जी जमीन त्यांची म्हणून मान्य करायची होती, ती त्यांच्या नावावर करा. नार-पारचे पाणी गुजरातकडे वळवू नका, ते इथल्या तहानलेल्या पाड्यांना द्या. कर्जातून सोडवा. निराधार म्हाताऱ्यांना पेन्शन द्या. १२ मार्चला सरकारने लेखी आश्वासन दिले. ते पाळले गेले असते तर २०१९ च्या फेब्रुवारीत आणि २०२३ च्या मार्चमध्ये याच लोकांना याच रस्त्यावर पुन्हा उतरावे लागले नसते.

एकाच रस्त्यावरच्या या दोन यात्रा शेजारी ठेवून पाहा. एकीला सरकार प्रोत्साहन देते, दुसरीला आश्वासन. पहिल्या यात्रेतल्या पाहुण्यांना द्राक्षे तुडवण्याची मौज विकत मिळते. त्याच द्राक्षांची विरळणी, छाटणी आणि तोडणी करणारे हात दुसऱ्या यात्रेतल्या पाड्यांवरून येतात. हा योगायोग नसून नाशिक जिल्ह्याच्या अर्थव्यवस्थेची ती रचनाच आहे. पूर्वेकडचा बागायती पट्टा पश्चिमेकडच्या डोंगरी पट्ट्याच्या श्रमावर उभा आहे, आणि त्या श्रमाचे नाव कोणत्याही बाटलीच्या चिठ्ठीवर छापलेले नसते.

शेतकऱ्याच्या नावाने

वाइन उद्योगाच्या समर्थनाचा पहिला आणि आवडता मुद्दा म्हणजे शेतकरी. २००१ साली महाराष्ट्र सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन उद्याने उभी करण्याचे ठरले, उत्पादन शुल्कात सवलती मिळाल्या. पुढे वाइनवरील २० टक्के मूल्यवर्धित करापैकी १६ टक्के उत्पादकांना परत करण्याची योजना आली. मध्यंतरी ती थांबली आणि २०२३ च्या डिसेंबरात मंत्रिमंडळाने ती पुन्हा सुरू करण्याचा निर्णय घेतला. म्हणजे गिऱ्हाइकाने भरलेल्या कराच्या रुपयातले ८० पैसे उत्पादकाच्या हाती जातात. हे सारे शेतकऱ्याच्या नावाने झाले.

वस्तुतः नाशिकचा द्राक्ष बागायतदार कोण आहे? निफाड, दिंडोरी, चांदवडचा हा शेतकरी प्रामुख्याने खाण्याची द्राक्षे पिकवतो. थॉमसन, सोनाका, शरद ही त्याची वाणे. जिल्ह्यात पिकणाऱ्या द्राक्षांपैकी फार थोडा हिस्सा वाइनच्या टाकीत जातो. बाकी सारा माल देशातल्या बाजारपेठांत, परदेशी निर्यातीत किंवा बेदाण्यात जातो. या शेतकऱ्याची दुखणी कोणती ते त्यालाच विचारा. फुलोऱ्यात पडणारा अवकाळी पाऊस, तयार घडांवर कोसळणारी गारपीट, औषधांचे आणि खतांचे चढते भाव, माल उचलून पैसे बुडवणारा व्यापारी, बांगलादेशाने वाढवलेले आयात शुल्क, आणि या सगळ्याच्या मुळाशी बँकेचे व सावकाराचे कर्ज. २६ नोव्हेंबर २०२३ ला निफाड तालुक्यात गारा पडल्या तेव्हा एका संध्याकाळीत बागा जमीनदोस्त झाल्या. त्या रात्री त्या शेतकऱ्याला करपरतीचा काय उपयोग झाला? ज्याला विमा हवा त्याच्या नावाने कारखानदाराला सवलत मिळाली, एवढाच या 'शेतकरीहिता'चा अर्थ आहे.

आता ज्या थोड्या शेतकऱ्यांनी खरोखर वाइनची द्राक्षे लावली त्यांच्याकडे वळू. ही द्राक्षे लहान, बियांची आणि जाड सालीची असतात. शिराझ किंवा शेनिन ब्लांचा घड बाजार समितीत नेऊन विकता येत नाही. कंपनीने माल उचलला तर तो पीक आहे, न उचलला तर उकिरडा. म्हणजे करार करताना शेतकऱ्याच्या हाती भाव असतो, पण पर्याय नसतो. २००८ ची जागतिक मंदी आणि त्याच वर्षी मुंबईवर झालेला दहशतवादी हल्ला यांनी हॉटेलांचा धंदा बसला तेव्हा या पर्यायहीनतेचा अर्थ कळला. वाइन टाक्यांत साचून राहिली, कारखान्यांनी खरेदी आखडली, आणि ज्यांना वाइनची द्राक्षे लावण्याचा सल्ला मोठ्या उत्साहाने दिला गेला होता त्यांनी आपल्याच हातांनी वेली उपटल्या. नारायणगावची एके काळची नामांकित कंपनीही त्याच सुमारास कर्जात बुडाली. मंदी आली की कारखाना दिवाळे काढू शकतो. शेतकऱ्याला मात्र दिवाळे काढण्याचीही सोय नसते. त्याची जमीन जाते किंवा त्याचा जीव.

कोणी म्हणेल, त्यानंतर उद्योग सावरला, डिसेंबर २०२२ मध्ये नाशिकच्या सर्वात मोठ्या वाइन कंपनीचे भाग शेअर बाजारात आले, पर्यटकांची गर्दी वाढली. हे खरे आहे. पण भागधारकाचा नफा आणि बागायतदाराचा भाव ही दोन स्वतंत्र खाती आहेत. पहिल्या खात्यातली भर दुसऱ्या खात्यात आपोआप झिरपते असे मानणाऱ्यांनी ती झिरपलेली दाखवावी.

दोन मद्ये, दोन कायदे

२७ जानेवारी २०२२ ला तेव्हाच्या मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाइन विक्रीस ठेवण्याची मुभा देण्याचा निर्णय घेतला तेव्हा मोठा गदारोळ उठला. समर्थक म्हणाले, वाइन म्हणजे दारू नव्हे. विरोधक म्हणाले, संस्कृती बुडाली. अखेरीस तो निर्णय अमलात आला नाही. या वादात आपल्यापैकी काही साथी संस्कृतिरक्षकांच्या मागे उभे राहिले आणि काही 'शेतकऱ्याचे भले होत असेल तर होऊ द्या' म्हणून गप्प बसले. दोन्ही भूमिका चुकीच्या होत्या, असे स्पष्टपणे म्हणणे भाग आहे.

वाइन म्हणजे दारू नव्हे, हे विधान रसायनशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. तिच्यात बहुधा बारा-तेरा टक्के मद्यार्क असतो. मद्यार्काची कोणतीही मात्रा आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये सांगितले. त्या विधानाचा खरा अर्थ सामाजिक आहे. सभ्य माणसाच्या हातात असते ती वाइन आणि गरिबाच्या हातात असते ती दारू, असा तो अर्थ आहे.

हा भेद आजचा नाही. इंग्रजांनी १८७८ च्या अबकारी कायद्याने गावोगावच्या लहान भट्ट्या मोडून मद्यनिर्मिती मोजक्या ठेकेदारांच्या हाती दिली. १८९२ च्या मोह कायद्याने तर मोहाची फुले घरात ठेवण्यावरही बंधने आणली. आदिवासीच्या अंगणातले झाड त्याचेच राहिले, पण त्या झाडाचे फूल सरकारच्या परवानगीचे झाले. स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या दारूबंदी कायद्याने ही रीत पुढे चालू ठेवली. मोहफुले गोळा करणे, साठवणे आणि वाहून नेणे यांवरचे निर्बंध उठायला महाराष्ट्रात २०२१ साल उजाडावे लागले. तरीही त्या फुलांची दारू पाड्यावर गाळली तर आजही तो गुन्हा आहे. गोव्याने फेणीला वारशाचा मान दिला, मध्य प्रदेशाने मोहाच्या मद्याला वारसा म्हणून बाजारात आणले. महाराष्ट्रात मात्र शिराझची बाटली पर्यटन विभागाच्या पत्रकावर झळकते आणि मोहाचे मडके पोलीस काठीने फोडतात.

आदिवासींची दारूबंदी आम्हाला मान्य नाही आणि त्यांना दारूत बुडवणेही मान्य नाही. १९२२ च्या सुमारास देवीच्या चळवळीत डांग आणि दक्षिण गुजरातच्या आदिवासींनी आपण होऊन दारू सोडली, ताडीमाडीच्या ठेकेदारांवर बहिष्कार टाकला. कोणा साहेबाने त्यांना सांगितले नव्हते. दारूच्या कर्जातून सावकार आपल्या जमिनी गिळतो हे त्यांनी स्वतः ओळखले होते. महाराष्ट्राच्या खेड्यांत बायकांनी लढलेला आडव्या बाटलीचा लढाही असाच स्वतःच्या अनुभवातून उभा राहिला. व्यसनाविरुद्धचा खरा लढा शोषितांनी आपल्या हितासाठी लढलेला आहे. सरकार जेव्हा त्याच संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदाखाली पाड्यावर धाड घालते आणि महामार्गावर चाखणीगृहाला सवलत देते, तेव्हा ते व्यसनाविरुद्ध लढत नसते. ते गरिबाविरुद्ध लढत असते. २०१५ च्या जूनमध्ये मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. ती सारी श्रमिक होती. सवलतीच्या धोरणांत त्यांच्यासाठी एक ओळही कधी लिहिली गेलेली नाही.

गिरणाऱ्याचा बाजार

गंगापूर धरणाच्या काठची देखणी चाखणीगृहे मागे टाकून तोच रस्ता पुढे गिरणाऱ्याला जातो. तिथे रोज सकाळी माणसांचा बाजार भरतो. पेठ, हरसूल, त्र्यंबक, सुरगाणा भागातून आलेली आदिवासी कुटुंबे भाकरीचे गाठोडे आणि कडेवरचे मूल घेऊन रस्त्याच्या कडेला उभी राहतात. बागायतदार येतो, रोज ठरतो किंवा एकरी उक्ते काम ठरते, आणि टोळी टेम्पोत चढते. दिवस वर आला तरी कोणी नेले नाही तर ती माणसे तशीच परततात किंवा उघड्यावर दुसऱ्या सकाळची वाट पाहतात. खरिपाचा भात आणि नागली निघाली की पाड्यांवर काम उरत नाही. डोंगरात बेसुमार पाऊस पडूनही उन्हाळ्यात पाण्याला टँकरची वाट पाहावी लागते. म्हणून ही कुटुंबे खाली उतरतात.

एका सकाळी त्या बाजारात उभ्या असलेल्या एका बाईंना मी विचारले, "ज्या द्राक्षांची वाइन होते ती बाग तुम्ही कधी केलीत का?" त्या म्हणाल्या, "केली ना भाऊ. तोडणीला गेलो होतो दोन साल." मी विचारले, "मग तो कारखाना आतून पाहिलात का?" त्यांनी मान हलवली. "क्रेट गाडीत चढलं का आमचं काम सरलं. आत लोकं येत्यात मोटारीनं. आमाला कोण सोडतंय?" या वाक्यात तक्रारीचा सूर नव्हता. जगाची रीत सांगावी तसे त्यांनी ते सांगितले, आणि तेच अधिक बोचणारे होते.

रोजगार निर्माण झाला असे जेव्हा सांगितले जाते तेव्हा या बाईंचा रोजगार त्यात धरलेला असतो. तो रोजगार आहे हे नाकारण्याचे कारण नाही. चाखणीगृहांत, हॉटेलांत, बागांत स्थानिक तरुणांना नोकऱ्या मिळाल्या आहेत आणि त्या नोकऱ्यांची किंमत आम्ही कमी लेखत नाही. प्रश्न एवढाच आहे की ज्या उद्योगाला जनतेच्या कराचा पैसा मिळतो त्या उद्योगाच्या कामाच्या साखळीतल्या शेवटच्या माणसाचे नाव कोणत्या हजेरीपटावर आहे? औषध फवारलेल्या बागेत विरळणी करणाऱ्या बाईला हातमोजे मिळतात का? टोळीच्या मुकादमाने उचल देऊन बांधून घेतलेल्या कुटुंबाला काम सोडण्याचा हक्क उरतो का? आईबापांबरोबर आलेले मूल त्या चार महिन्यांत कोणत्या शाळेत जाते? हंगामी मजूर कायद्याला दिसत नाही, कारण तो दिसला तर खर्च वाढेल.

केपचा धडा

वाइनच्या सहलीचे जे जगभरचे नमुने आपल्यापुढे ठेवले जातात त्यांत दक्षिण आफ्रिकेचा केप प्रांत अग्रभागी असतो. तिथे स्टेलनबॉश या गावाने १९७१ साली पहिली 'वाइनची वाट' आखली. मोटारीने एका मळ्यातून दुसऱ्या मळ्यात जाण्याची ही कल्पना वर्णभेदाच्या ऐन भरात जन्मली हे विसरता कामा नये. पांढऱ्या भिंतींचे जे जुने वाडे आजही पाहुण्यांना दाखवले जातात ते गुलामांच्या श्रमाने उभे राहिले. त्या गुलामांत बंगाल आणि मलबारच्या किनाऱ्यावरून नेलेली माणसेही होती. गुलामी १८३४ मध्ये कायद्याने संपली, पण मजुरीचा काही भाग रोख न देता हलक्या वाइनच्या रूपाने देण्याची 'डॉप' नावाची प्रथा उरली. कायद्याने बंदी आल्यावरही कित्येक मळ्यांत ती विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकापर्यंत रेंगाळली. गर्भात असतानाच मद्याने बाधित झालेल्या मुलांचे प्रमाण जगात जिथे सर्वाधिक आढळले अशा प्रदेशांत तो प्रांत मोडतो. देखाव्याची किंमत पुढच्या पिढीच्या मेंदूने भरली.

आणि तिथल्या मजुरांनी काय केले? २०१२ च्या नोव्हेंबरात हेक्स नदीच्या खोऱ्यातल्या डी डोर्न्स गावी द्राक्षमळ्यांतले मजूर संपावर गेले. दिवसाला ६९ रँड ही तेव्हाची किमान मजुरी होती. त्यांनी १५० मागितली. संप प्रांतभर पसरला, गोळ्या चालल्या, माणसे मेली. १ मार्च २०१३ पासून किमान मजुरी १०५ रँड झाली. मागितले तेवढे मिळाले नाही. पण जे मिळाले ते संपाने मिळाले, पर्यटनाने नव्हे. फ्रान्सच्या शँपेन प्रांतातही २०२३ च्या तोडणीत कडक उन्हात काम करताना मजूर दगावले आणि परदेशी मजुरांना कोंदट खुराड्यांत ठेवल्याची प्रकरणे न्यायालयात गेली. जगातली सर्वात महाग वाइनही आपल्या मजुरांना आपण होऊन सावली देत नाही, हा धडा नाशिकने वेळीच घेतला पाहिजे.

मोटारीचा प्रश्न

या सहलीचे एक अंग असे आहे की ज्याकडे सारेच डोळेझाक करतात. तीन ठिकाणी वाइन चाखायची आणि प्रत्येक ठिकाणी स्वतःच्या मोटारीने जायचे, ही कल्पनाच मुळात कायद्याशी विसंगत आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १८५ वे कलम १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क असलेल्या चालकाला गुन्हेगार ठरवते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यालाच सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. एका हाताने सरकार हा कायदा करते आणि दुसऱ्या हाताने चाखणीगृहांच्या वाटा दाखवणारे फलक लावते. ज्या रस्त्याने ही मोटार संध्याकाळी परतते त्याच रस्त्याच्या कडेने गिरणाऱ्याचे मजूर अंधारात चालत जात असतात. अपघात झाला तर मोटारीला विमा असतो.

आणखी एक गोष्ट. मोटारीने येणाऱ्यासाठी महामार्ग रुंद होतो, पण पेठच्या पाड्यावरून दवाखान्यात जाण्यासाठी बाळंतिणीला आजही झोळी करून आणावे लागल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात. रस्ता ही विकासाची खूण आहे असे म्हणतात. तो कोणाच्या दारापर्यंत जातो आणि कोणाच्या दाराआधी थांबतो, हे पाहिल्यावाचून त्याला विकास म्हणता येणार नाही.

आपण काय मागावे

केवळ निषेध करून थांबणे हे समाजवाद्यांचे काम नव्हे. वाइन बंद करा अशी आमची मागणी नाही. ज्याला प्यायची त्याने पूर्ण किंमत देऊन, पूर्ण कर भरून प्यावी. आमच्या मागण्या साध्या आहेत, आणि नाशिक, पुणे, सांगली या जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांनी त्या घेऊन गावोगावी जावे अशी आमची विनंती आहे.

वाइन उत्पादकांना परत जाणारा कर एक तर थांबवावा, नाही तर तो अटींवर द्यावा. ज्याच्या बागेत आणि करारातल्या शेतकऱ्यांच्या बागांत प्रत्येक हंगामी मजुराचे नाव हजेरीपटावर आहे, किमान वेतनाचा दर मराठीत फलकावर लिहिलेला आहे, फवारणीपासून संरक्षणाची साधने दिलेली आहेत, त्यालाच सवलत मिळावी. वाइनच्या द्राक्षांच्या करारात माल न उचलल्यास भरपाईची सक्ती असावी आणि त्या करारांची नोंद बाजार समितीकडे व्हावी. गारपिटीचा विमा खरोखर हाती पडेल असा करावा आणि करपरतीचा पैसा आधी तिकडे वळवावा. बेदाणा आणि रस यांसाठी शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था उभ्या कराव्यात, म्हणजे निवड शेतकऱ्याच्या हाती राहील. गिरणाऱ्यासारख्या मजूर बाजारांत निवारा, पाणी, संडास आणि पाळणाघर हवे. स्थलांतरित मुलांसाठी हंगामी शाळा हवी. मोहाच्या फुलांवर प्रक्रिया करण्याचा पहिला हक्क ग्रामसभांच्या व आदिवासी बायकांच्या सहकारी संस्थांना असावा, आणि आपल्या गावात मद्य असावे की नसावे हे ठरवण्याचा अधिकारही त्यांचाच असावा. चाखणीगृहांत जाणाऱ्या पाहुण्यांसाठी सार्वजनिक बसची सोय असावी. चाखून मोटार हाकण्याला उत्तेजन देणाऱ्या जाहिराती बंद व्हाव्यात. आणि या सर्वांच्या आधी, २०१८ साली लिहून दिलेले वनपट्टे देऊन टाकावेत.

शेवटची मागणी वाइनशी संबंधित नाही, असे कोणी म्हणेल. साथींनो, तीच सर्वात अधिक संबंधित आहे. पाड्यावरच्या माणसाला आपली जमीन आणि तिच्यावर पाणी मिळाले तर तो गिरणाऱ्याच्या बाजारात आपल्या अटींवर उभा राहील, किंवा उभा राहणारच नाही. त्याच्या भूमिहीनतेवर स्वस्त मजुरी उभी आहे, स्वस्त मजुरीवर बाग उभी आहे आणि बागेवर ही देखणी सहल. म्हणून वनहक्काची फाईल इतकी वर्षे कचेरीत पडून राहते. ती आपोआप पडून राहिलेली नाही.

या हंगामात आपल्या शाखांनी एक काम करावे. फेब्रुवारीत तोडणी ऐन भरात असते. त्या महिन्यात एका रविवारी आपण गंगापूरच्या रस्त्याने जावे. चाखणीगृहाच्या फाटकाशी न थांबता थेट गिरणाऱ्याला उतरावे. बाजारातल्या माणसांची नावे, गावे, मजुरी, उचल आणि वनहक्काच्या दाव्याची स्थिती लिहून घ्यावी. लिहून घेताना सल्ले देऊ नयेत, ऐकावे. ती वही घेऊन मग जिल्हाधिकाऱ्यांकडे, कामगार आयुक्तांकडे आणि ज्या बागायतदारांना आपण बंधू मानतो त्यांच्याकडेही जावे. निफाडच्या कर्जबाजारी बागायतदाराला आणि पेठच्या भूमिहीन मजुराला परस्परांविरुद्ध उभे करण्यात ज्यांचे हित आहे ते वेगळे आहेत. त्या दोघांना एका सतरंजीवर बसवणे हेच आपले राजकारण आहे. ते अवघड आहे, कारण दोघांचे आजचे हितसंबंध रोजच्या मजुरीवरून आदळतात. पण दोघांचाही माल, एकाचे द्राक्ष आणि दुसऱ्याचे श्रम, तिसराच कोणी स्वस्तात उचलतो, हे दोघांनाही कळण्याजोगे आहे.

कसाऱ्याच्या घाटात मार्च २०१८ मध्ये ज्या पावलांचे ठसे उमटले ते डांबरावर टिकले नाहीत. त्यांच्यावरून रोज हजारो मोटारी जातात. ते ठसे कोणाचे होते हे लक्षात ठेवणे एवढे तरी आपल्या हाती आहे. आणि लक्षात ठेवले तर पुढच्या वेळी ती पावले एकटी चालणार नाहीत.